जाम इंजिनाला भिऊ नका, आधी चेसिसचा नंबर वाचा

जिंतूर तालुक्यातल्या एका पंचविशीतल्या मुलानं विचारलंय: गावात एका घरी १९९४ ची यामाहा आरएक्स १०० बारा वर्षांपासून गोठ्यात उभी आहे. ज्यांच्या नावावर आहे ते काका वारले. त्यांचा थोरला मुलगा ३५ हजार म्हणतोय. इंजिन जाम आहे, किक खालीच जात नाही. माझ्याकडं सगळे मिळून ६० हजार आहेत. तयार करून रोज जिंतूरला ये-जा करायचा विचार आहे, एका बाजूनं अठरा किलोमीटर. इंजिन जाम असलेली गाडी घ्यावी का?

भाऊ, परभणीत माझं गॅरेज आहे आणि पाना हातात घेतल्याला एकतीस वर्षं झाली. जुनी गाडी बघायला गिऱ्हाईक मला सोबत नेतं तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो, "मिस्त्री, इंजिन कसंय?" मी म्हणतो, ते शेवटी बघू. जुन्या गाडीत सगळ्यात स्वस्तात नवं होणारं काही असेल तर ते इंजिन. आरएक्सचं तर केवढंसं: ५० मिलिमीटरचा बोअर, ५० चाच स्ट्रोक, ९८ सीसी. फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही. ब्लॉक लेथवाल्याकडं दिला, एक साइज वरचा पिस्टन टाकला, क्रँकला नवा रॉड आणि बेअरिंग-सील बसवली की काम झालं. माझ्या वहीत अलीकडं आरएक्सची जी फुल इंजिनं झाली, ती सामान आणि लेथ मिळून नऊ-दहा हजारांत बसलीत. आणि बारा वर्षं उभ्या गाडीचं इंजिन जाम असो नाहीतर मोकळं, ते उघडावंच लागतं. क्रँकची सीलं वाळून चिंचोक्यासारखी कडक झालेली असतात. तेव्हा जाम असल्यानं तुमचा खर्च फार वाढत नाही. उलट भाव पाडायला ते कामाला येतं.

पैसे टाकूनही जे नवं होत नाही ते म्हणजे कागद आणि चेसिस. तिथून सुरुवात करा.

१९९४ ची पासिंग म्हणजे पंधरा वर्षं धरून २००९ ला मुदत संपली. पुढं दर पाच वर्षांनी रिपासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण. काकांनी २००९ ला ते केलं असेल तर २०१४ पर्यंत गाडी कायद्यानं जिवंत होती, आणि तुमच्या हिशेबानं त्याच सुमारास ती गोठ्यात गेली. दुचाकीच्या रिपासिंगची फी १ एप्रिल २०२२ पासून ३०० ची १,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीला ती २,००० केली. ती काही जड नाही. चावतं ते विलंब शुल्क, महिन्याला ३००. एप्रिल २०२२ ते मार्च २०२५ एवढी तीनच वर्षं धरली तरी १०,८०० होतात. वर पर्यावरण कर, विमा, पीयूसी, आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना आता सक्तीची झालेली एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट. खरा आकडा आरटीओच्या खिडकीवर काढून घ्या. एजंटाच्या तोंडी हिशेबावर ३५ हजार मोजू नका. "पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात" असं कोणी सांगितलं तर तो दिल्लीकडचा विषय आहे. आपल्याकडं तपासणीत पास झाली की पुढची पाच वर्षं मिळतात. "विंटेजमध्ये टाक" म्हणणारेही भेटतील. २०२१ च्या त्या नियमाला गाडी पन्नास वर्षांवरची लागते, फी २०,००० आहे आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. तुमचा त्याच्याशी संबंध नाही.

मालक वारलेत, ही यातली खरी गाठ. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर होते, मग टीटी फॉर्मवर, म्हणजे २९ आणि ३० वर, तुमच्या नावावर. मृत्यूचा दाखला लागतो, बाकीच्या वारसांची संमती लागते. सातबाऱ्यासारखंच आहे हे. थोरला एकटाच "घेऊन जा" म्हणत असेल तर धाकटा आणि बहिणी काय म्हणायल्यात ते आधी विचारा. "अण्णांची गाडी मला न विचारता विकली," असं म्हणून एका बहिणीनं सही अडवलेली मी पाहिलीय. तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. आणि आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी पुस्तकावर, कर्जाचा बोजा आहे का तेही बघा. त्या काळी हप्त्यावर घेतलेल्या कितीतरी गाड्यांचे हप्ते फिटले, पण बोजा उतरवायचा फॉर्म ३५ कोणी भरलाच नाही. आता ज्यानं कर्ज दिलं तो सापडला पाहिजे.

मोबाइलवर एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकून बघा. जुन्या आरसी पुस्तकांच्या काही नोंदी ऑनलाइन चढलेल्याच नसतात. दिसली नाही म्हणून लगेच घाबरू नका, मूळ पुस्तक हातात असेल तर आरटीओत ती चढवून घेता येते. पुस्तकही हरवलं आणि ऑनलाइनही नाही असं असेल, तर त्या घरी चहा प्या आणि परत या. पाच हजारांत दिली तरी घेऊ नका.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, पाय भाजल्यावर सांगतोय. गॅरेज टाकून चारच वर्षं झाली होती तेव्हा बाजारात एक येझदी मिळाली, दोन सायलेन्सरची, टाकी चकाचक. विकणारा म्हणाला, कागद पुढच्या आठवड्यात आणून देतो. मी इंजिन ऐकलं आणि पाघळलो. पुढं क्रँक केला, रिमा केल्या, रंग केला. तो पुढचा आठवडा अजून उजाडायचाय. गाडी मागच्या शेडमध्ये आहे, तिच्या हँडलवर बायको ओले टॉवेल वाळवते. कागदाशिवाय मी ती रस्त्यावर काढू शकत नाही. विकली तर मी ज्याच्यावर चिडलो त्याच्यासारखाच ठरेन.

आता गोठ्यात जाताना खिशात चार वस्तू ठेवा: रॉकेलचा बोळा (रॉकेल मिळत नसेल तर डिझेल), पांढरा कागद, शिसपेन्सिल आणि जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक.

चेसिस नंबर हँडल ज्या नळीत फिरतं त्या चेसिसच्या नळीवर असतो, हेडलाइटच्या मागं. बोळ्यानं तिथलं मेण-माती पुसा. पॉलिश पेपर मारू नका. आकडे कोरडे झाले की त्यावर कागद घट्ट धरा आणि पेन्सिल आडवी धरून हळूहळू घासा. लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसंच. कागदावर आकडे उमटतील, आणि डोळ्याला जे दिसत नाही ते तिथं दिसतं. कारखान्यातला ठोका एका खोलीचा असतो. मधलाच एखादा आकडा फिकट किंवा जास्त काळा उमटला, किंवा आकड्यांच्या मागं आडव्या रेघा आल्या, तर तिथं कानस फिरलेली आहे. नंतर डोळे मिटून अंगठा फिरवा. घासून पुन्हा ठोकलेल्या जागी लोखंड किंचित बसकं लागतं. असाच छाप इंजिनावरच्या नंबरचा घ्या, आणि दोन्ही कागद आरसीशेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. इंजिनाचा नंबर जुळला नाही तर कोणीतरी क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, बदललेला आहे. त्याची नोंद आरसीवर नसेल तर तपासणीत गाडी अडते. चेसिसचा जुळला नाही तर मात्र बोलणं तिथंच थांबवा. तो मामला पोलिसांकडं जाऊ शकतो.

आरसीवर सीसी वाचायला विसरू नका. खरी आरएक्स १०० ही ९८ सीसीची. १९९६ ला ती बंद झाली आणि तिचा भाव चढत गेला, तसं आरएक्स १३५ ला १०० चे स्टिकर लावून विकणारे निघाले. पुस्तकात १३२ लिहिलेलं असेल तर ती १३५. वाईट गाडी नाही, पण तिचा भाव वेगळा. उलटही होतं: पुस्तक शंभरचं आणि वर ब्लॉक १३५ चा, पोरांनी पळवायला टाकलेला.

मराठवाड्यातल्या जुन्या गाडीचं एक बरं असतं, हवा कोरडी. कोकणातून आलेली गाडी मी उघडतो तेव्हा चेसिसच्या नळीतून गंजाचा भुगा पडतो, तसं आपल्याकडं सहसा होत नाही. पण तुमची गाडी गोठ्यात आहे, तिथं गणित बदलतं. गोमूत्राची वाफ, शेणाची ओल आणि त्यातला अमोनिया क्रोमही खातो आणि तांब्या-पितळेच्या तर मागंच लागतो. वायरिंगचं एखादं टोक सोलून बघा, आत तांबं हिरवं-काळं पडलेलं असेल. स्पोकची निपल आणि कार्बोरेटरचे जेट पितळेचे, त्यांचीही तीच गत. त्यामुळं पूर्ण वायरिंग, स्पोकसेट आणि कार्बोरेटर नवं लागणार असं धरूनच चाला. मडगार्डखाली हात घालून चाचपा, पत्रा पापडासारखा लागला तर तोही गेला. कडब्याच्या गंजीजवळ असेल तर सीटखाली उंदराचं घर असणार, ते मात्र किरकोळ आहे.

टाकी नीट बघा, कारण जुनी जाड पत्र्याची टाकी पुन्हा मिळत नाही. बाजारात नवी मिळते ती हलकी, आणि शेजारी शेजारी ठेवली की आकारातला फरक दिसतो. चुंबक टाकीवरून फिरवत न्या. जिथं तो चिकटायचा थांबला तिथं रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे, म्हणजे कधीतरी मोठा मार बसलाय. झाकण उघडून वास घ्या. जुनं पेट्रोल वार्निशसारखं वास मारतं. आत बॅटरी मारा. तांबूस पावडर दिसली तर ती धुऊन निघते, पण खवले सुटत असतील तर तळाला बारीक छिद्रं असू शकतात. आणि एक वेल्डिंगवाला "अशीच आण, दोन मिनिटांत ठोकतो" म्हणेल, त्याच्याकडं जाऊ नका. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ बॉम्बसारखी फुटते. धुऊन, पाणी भरूनच टाकीला आच लावायची असते.

चेसिस सरळ आहे का ते बघायला दोरी लागते. आपल्याकडची आरएक्स म्हणजे तीस वर्षांत दुधाचे कॅन, खताची पोती आणि लग्नसराईत तिघं-चौघं वाहिलेली गाडी. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी, जमिनीपासून वीतभर वर, दोरी ताणून पुढच्या चाकापर्यंत आणा. पुढचं टायर बारीक असतं, म्हणून दोन्हीकडं फट राहते. ती फट सारखी पाहिजे. एकीकडं बोट जातं आणि दुसरीकडं चिकटतं असं असेल तर चिमटा (मागचं चाक धरणारा दांडा) किंवा चेसिस वाकलंय. चिमट्याच्या बुशा बदलून भागलं तर ठीक, चेसिस वाकलं असेल तर मी नको म्हणतो. मग पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मधोमध आल्यावर खट्टकन खाचेत बसल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला, तो बदलता येतो.

मालक म्हणाला की "चालू करून दाखवतो, दोन दणके मारले की किक सुटेल," तर त्याला हात लावू देऊ नका. जाम पिस्टनवर जोर दिला की किकचे दात तुटतात किंवा ब्लॉकला ओरखडे पडतात. प्लग काढून भोकातून डिझेल आणि थोडं ऑइल सोडायचं आणि चार-पाच दिवस विसरून जायचं. मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं पुढं-मागं हलवायचं. बहुतेक वेळा सुटतो. नाहीच सुटला तर हेड आणि ब्लॉक उघडून लाकडाच्या ठोकळ्यानं, तेही गॅरेजमध्ये.

मोकळं झाल्यावर डावीकडचं मॅग्नेटचं झाकण उघडून मॅग्नेट वर-खाली हलवून बघा. खुळखुळा लागला तर क्रँकचं बेअरिंग गेलं. टू-स्ट्रोकला सील फार महत्त्वाचं. उजवीकडचं, क्लचच्या बाजूचं सील गेलं की गिअर ऑइल आत ओढलं जातं, मागं पांढऱ्या धुराचा लोट आणि ऑइल आपोआप कमी. डावीकडचं गेलं की हवा ओढते, ॲक्सिलरेटर सोडल्यावरही रेस चढत राहते, आणि लोक कार्बोरेटर फिरवत बसतात. माझे उस्ताद म्हणायचे, धूर उजव्या हाताचा, बोंब डाव्या हाताची. ऑइल पंप चालू आहे का हेही बघा. बहुतेकांनी तो बंद करून पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला सुरुवात केलेली असते. तसं असेल तर लिटरला ३० ते ४० मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं, ऑइल टाका, अंदाजानं नको.

आता तुमचे ६० हजार. ३५ मालकाला गेले, उरले २५. माझ्या वहीप्रमाणं फुल इंजिन दहा, क्लच आणि चेनसेट तीन, टायर-ट्यूब साडेतीन, वायरिंग-कॉइल-बॅटरी तीन, कार्बोरेटर दोन, रिम आणि स्पोक चार, सायलेन्सर तीन, सीट दीड, रंग सात, मजुरी आठ-नऊ. सेहेचाळीस झाले. कागदांचे बारा-पंधरा वेगळे. बेरीज ९५ हजारांच्या आसपास जाते, आणि यात हरवलेले ओरिजिनल पार्ट नाहीत. साइड पॅनेल, मीटर, हेडलाइटचा डूम यांच्यासाठी लोक पुण्याला नाना पेठेत नाहीतर थेट दिल्लीला करोल बागेत फोन लावतात. डुप्लिकेट पिस्टन टाकून तीन हजार वाचवाल, पण तीन महिन्यांत पुन्हा तेच काम काढाल.

पैसे अर्ध्यात संपले की गाडीचं काय होतं ते मला पाठ आहे. ती पोत्यात जाते. इंजिन एका पोत्यात, मडगार्ड माळ्यावर, नट-बोल्ट मिठाईच्या डब्यात. "पोत्यातली गाडी" हा आमच्या धंद्यातला शब्दच आहे. अशी गाडी माझ्याकडं आली की मी जोडायचे दुप्पट सांगतो, कारण काय हरवलंय हे जोडल्याशिवाय कळत नाही. म्हणून घेतलीच तर एकदम सगळी खोलू नका. आधी इंजिन आणि ब्रेक करून आहे त्या रंगात पाचशे किलोमीटर चालवा. रंग सगळ्यात शेवटी. रंग आधी करून मग इंजिन उतरवणारे बघितले की मला हसू येतं, पण गिऱ्हाईकासमोर हसत नाही.

रोज छत्तीस किलोमीटरसाठी ही गाडी घेऊ नका, हे मी स्पष्टच सांगतो. दोन्हीकडं ड्रम ब्रेक, जुना हेडलाइट, सकाळी ऊस वाहणारे ट्रॅक्टर आणि खड्डे. शिवाय आताचं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉल आपल्याच उसाचं असलं तरी जुन्या रबराला ते मानवत नाही, आणि ओल धरत असल्यानं उभ्या गाडीची टाकी गंजवतं. पेट्रोलची नळी, कॉकचे वायसर, फ्लोटचं पॅकिंग नवं टाकावं लागेल, आणि महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी-कार्बोरेटर रिकामं करावं लागेल. ये-जा करायला पंचवीस हजारांची चांगली स्प्लेंडर किंवा प्लॅटिना घ्या. कामावर जायला दुसरी गाडी दारात असली की आरएक्सची घाई राहत नाही, आणि घाई नसली तरच ती नीट होते.

हौस पहिलीच असेल आणि शिकायचं असेल तर आरएक्सपेक्षा जुनी हिरो होंडा सीडी १०० बरी, सामान कुठल्याही तालुक्याला मिळतं. राजदूत १७५ तीन गिअरची, दणकट, पण आता हौशीच घेतात. जुन्या बुलेटला सामानाची अडचण नाही, फक्त गिअर उजव्या पायात आणि ऑइलचा डाग अंगणात, एवढी तयारी ठेवा. येझदी-जावाचा म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला. २०१८ ला जी नवी जावा आली तिचं इंजिनच वेगळं, तिचं सामान जुनीला बसत नाही.

ती गाडी तुमच्या स्वतःच्या वडिलांची असती तर मी हा ९५ हजारांचा हिशेब मांडलाच नसता. पण ती दुसऱ्याच्या वडिलांची आहे, म्हणून हिशेब लागतो. मालकाला म्हणा, आधी गाडी तुमच्या नावावर करून घ्या, खर्च अर्धा-अर्धा, मी पाच हजार इसार देतो. त्याला लिहून घ्या, बाकीच्या भावंडांच्या सह्यांसकट. तो तयार झाला तर गाडी २५ पर्यंत घ्यायला हरकत नाही आणि काम वर्षभरात टप्प्यानं करू. "कागदाचं तुम्ही बघा" म्हणाला तर सोडून द्या.

रविवारी गोठ्यात जाऊन दोन्ही नंबरांचे छाप घ्या आणि आरसीच्या फोटोसोबत मला पाठवा. दोरी धरायला कोणाला तरी सोबत न्या, एकट्यानं ती जमत नाही.